आंबाखेडीचा आडोसा

१४ नोव्हेंबर १९५३, शनिवार

आज मला चिटणीस करण्यात आले. कारणे दोन सांगितली गेली. माझे अक्षर वळणदार आहे, आणि मी बोलत नाही. दुसरे कारण प्राध्यापक श्रीपादरावांनी हसत सांगितले. खरे तेच असावे.

नाताळच्या सुट्टीत आमच्या महाविद्यालयातील चाळीस मुलींचे दहा दिवसांचे तंबूतील शिबिर भरवावयाचे आहे. मुलींचे असे शिबिर इंदुरात आमच्या पाहण्यात कधी झालेले नाही. प्राचार्यांनी नाखुशीनेच मान डोलावली, तीही एका अटीवर. पाच डिसेंबरपर्यंत समितीने मुलींना सर्वथा योग्य अशी जागा निवडून दाखवावी. न दाखवल्यास हा विषय पुन्हा कोणी काढावयाचा नाही. समितीत श्रीपादराव, आम्हांला इतिहास शिकवणाऱ्या शालिनीबाई, आणि प्रतापराव म्हणून एक गृहस्थ आहेत. ते संस्थानी फौजेतून निवृत्त झालेले सरदार घराण्यातले. तंबू त्यांचेच मिळणार आहेत.

वर्गात सरला म्हणाली, "अगं यशोधरा, तू आणि जंगल? तुला तर झुरळ दिसलं की चक्कर येते."

जुन्या इंदुरातल्या आमच्या घराबाहेर मी आजवर रात्र काढली आहे ती नातेवाइकांकडेच. कनातीच्या फटीतून उजाडताना पाहावे, एवढीच माझी इच्छा आहे. ती कोणापाशी बोलून दाखवण्याजोगी नाही, म्हणून येथे लिहिते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

पहिली जागा तलावाकाठची होती. पुस्तकांतून तलाव निराळे असतात. येथे काठावर म्हशींनी तुडवलेला काळा चिखल, त्यावर हिरवी साय, आणि सायीवर डोळ्यांत शिरू पाहणाऱ्या माशा. श्रीपादराव म्हणाले, "किती रम्य देखावा." त्यांच्या चष्म्यावरही एक माशी बसली होती.

परंतु आजची खरी किळस निराळीच. आम्ही प्रतापरावांच्या घरगाडीतून गेलो. जुन्या लॉरीवर बांधलेली ती एक लाकडी खोलीच आहे; ते तिला 'कॅराव्हॅन' म्हणतात. शिकारीच्या दिवसांत तिच्यातून मोठे पाहुणे फिरत. आत रात्री पलंग होणारी दोन बाके आहेत, स्टोव्ह आहे, भिंतीवर काळविटाची शिंगे आहेत, आणि कोपऱ्यात एक अरुंद दार आहे. ते दार प्रतापरावांनी मुद्दाम उघडून दाखवले. आत निळ्या फुलांचे चिनी मातीचे कमोड होते, आणि ते कांद्याबटाट्यांनी काठोकाठ भरले होते.

"एकदम विलायती माल," ते म्हणाले. "आता कोण वापरतंय? खाली-रिकामं ठेवून काय फायदा?"

त्याच बटाट्यांची भाजी दुपारी स्टोव्हवर झाली. मी उपवास असल्याचे सांगितले. शालिनीबाईंनी मात्र दोनदा वाढून घेतली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या हलकेच म्हणाल्या, "अग, ते कधी वापरलेलंच नाही. ह्या गाडीतलं सर्वांत स्वच्छ भांडं तेच."

उन्हात सारा दिवस गेला, तरी मी पाण्याचा थेंब घेतला नाही. शालिनीबाईंनी कालच बजावले होते. "घरूनच सगळं आटपून निघायचं, आणि परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. मी नोकरीला लागल्यापासून असंच करते. काही होत नाही, थोडं डोकं दुखतं."

थोडे नव्हे, फार दुखते आहे. ऊन लागले असावे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी जागा नदीकाठी. गिरण्यांच्या खालच्या अंगाला असल्याने नदी निळीजांभळी वाहते. कुत्र्याचे फुगलेले प्रेत. नापसंत. डोके पुन्हा दुखले.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आंबाखेडी. अखेर जागा मिळाली, आणि मिळताच विटाळली.

वाटेत घरगाडीचे चाक निखळल्याने आम्ही पोचलो ते दिवेलागणीस. गावाबाहेर जुन्या आंब्यांची राई आहे. राईमागे जमीन हळूच उतरते. उताराला बोरीबाभळीचे दाट काटेरी कुंपण आपोआप वाढलेले आहे, खाली एक ओहोळ आहे, आणि तीन बाजूंनी आडोसा असल्याने बाहेरून आतले काहीच दिसत नाही. मावळतीचा प्रकाश पानांतून गाळून पडत होता. श्रीपादराव गहिवरलेच. "मुलींच्या शिबिरासाठी असा एकांत शोधून सापडणार नाही. निसर्गानेच पडदा धरला आहे."

"और क्या पाहिजे?" प्रतापराव म्हणाले. पाणी, सावली, उतार आणि रस्ता ह्या चार गोष्टी ते बोटांवर मोजतात. चारही बोटे मिटली. "पूर्वी महाराज सरकारांचा मुक्काम पडायचा ना, तो याच राईत. गावाला माहीत आहे. बंदोबस्त आपोआप होतो इथे."

पायवाटेवर गावातील दहाबारा बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हाती पाण्याने भरलेला लोटा होता. पाहुण्यांस पाणी देण्याची येथील रीत असावी, असे वाटून मला क्षणभर बरे वाटले. पण एकीनेही लोटा पुढे केला नाही. प्रतापरावांनी आम्हांला जागा नीट दिसावी म्हणून गाडीचे दोन्ही दिवे लावून उतारावर रोखले. त्यासरशी बायांनी तोंडावर पदर ओढले आणि पाठ फिरवून गावाकडे चालू लागल्या. काही तरुण होत्या, एक अवघडलेली होती. इतके अगत्यशून्य लोक मी पाहिले नाहीत.

मग मी कुंपणाच्या आतल्या अंगाला दोन पावले टाकली, आणि जे व्हावयाचे ते झाले. कशात पाय पडला ते लिहिणार नाही. एक नव्हे, जागोजाग. चप्पल तेथेच टाकली आणि अनवाणी गाडीपर्यंत आले. ओकारी आली, पोटात काही नसल्याने नुसतेच पाणी पडले. शालिनीबाईंनी माझी पाठ धरली. त्यांची नजर मात्र उताराकडे होती.

इतकी सुंदर जागा, आणि ह्या लोकांनी तिचे काय केले आहे! सौंदर्याची जाणच नाही. घरी येऊन तीनदा पाय धुतले. आईने विचारले तेव्हा शेणात पाय पडला असे सांगितले.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीने एकमताने आंबाखेडी ठरवली. श्रीपादराव म्हणाले, "तेवढी घाण गावाकडून उचलून घेऊ. मग उताराभोवती दोर लावू. दहा दिवस गावातलं कोणी इकडे फिरकणार नाही असं पटेलाला बजावलं की झालं. मुलींचा प्रश्न आहे."

पटेल हा तेथील मुख्य गावकरी. प्रतापरावांच्या सांगण्याप्रमाणे त्याने हात जोडून "जो हुकम" म्हटले आहे.

मी टिपणात 'नैसर्गिक आडोसा' असा शब्दप्रयोग केला. श्रीपादरावांना तो फार आवडला.

३० नोव्हेंबर, सोमवार

आजचे सर्व लिहावे की नाही, ह्याचा पुष्कळ विचार केला. ही वही माझ्यावाचून कोणी वाचत नाही. मग लाजावयाचे कोणास?

तंबूंच्या जागा आखण्यासाठी आम्ही सकाळीच आंबाखेडीस गेलो. उतार साफ झालेला होता. कोणी साफ केला ते मी विचारले नाही. प्रतापराव चुन्याची फक्की ओढत होते, श्रीपादराव फीत धरून अंतरे मोजत होते आणि मी आकडे लिहीत होते. पटेलाच्या घरून आमच्यासाठी ताक आले. भला मोठा पितळी पेला, वर लोण्याचा गोळा. नाही म्हटले असते तर ह्या खेपेस मीच अगत्यशून्य ठरले असते. नाक दाबून प्याले.

तासाभराने पोटात कळ आली. पुढे ती येतच राहिली.

मी शालिनीबाईंजवळ गेले आणि नुसती उभी राहिले. त्यांना लगेच कळले. त्या म्हणाल्या, "दम धर. चारला निघू." चार वाजण्यास फार अवकाश होता. मी घरगाडीकडे पाहिले. दार तर होते, पण आत कांदेबटाटे, आणि त्यापलीकडे प्रतापराव. "काका, आपले बटाटे जरा काढता का?" हे वाक्य मी मनातल्या मनात किती प्रकारे रचून पाहिले! निबंधस्पर्धेत मला नेहमी पहिले पारितोषिक मिळते. हे वाक्य काही जमेना.

घाम फुटून मी आंब्याला टेकले तेव्हा पाण्याची घागर घेऊन आलेली एक बाई थांबली. पन्नाशीची असावी, हातांत लाखेचे चुडे, अंगाला धुराचा आणि घामाचा वास. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

"कई हुयो बई? पेट दुखे?"

मी मान हलवली. तिने घागर उतरवली, आपला लोटा भरला आणि माझे मनगट धरले. "म्हारे साथे आव."

तिने मला कुंपणाच्या पार टोकाला, जेथे चुन्याची रेघ अजून पोचली नव्हती, तेथे नेले. आणि मी तेथे गेले. ज्या जागेची मला शिसारी आली होती, तेथेच गेले. ती बाई पाठ करून लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली. मध्येच तिने मोठ्याने खाकरून दाखवले. दूर कोठूनतरी दुसरे खाकरणे आले, आणि पावले परतली. हा त्यांचा संकेत असावा. आत कोणी आहे, येऊ नका.

मग माझ्या नजरेस पडले ते मागच्या खेपेस दिसले नव्हते. कुंपण आपोआप वाढलेले नाही. जेथे फट पडते तेथे काट्यांच्या फांद्या आणून, वेलींनी बांधून ती बुजवलेली आहे. बसण्यासाठी सपाट दगड मांडलेले आहेत. एका बाजूला उंचवट्यावर दोन दगड निराळे आहेत, आणि हाताने धरण्याजोगी एक खुंटी ठोकलेली आहे. ती पोटुशींसाठी, हे तिने मी न विचारताच सांगितले. श्रीपादराव म्हणाले होते, निसर्गाने पडदा धरला आहे.

ती म्हणाली, "दन में तो हमी बी नी आवां." दिवसा त्याही येत नाहीत. उजाडण्याआधी आणि अंधार पडताना, एवढीच वेळ. राईपलीकडे शेते दुसऱ्यांची, तेथे राखण करणारे शिव्या देतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरुष जातात. मग तिने रागाने नव्हे, खरोखर विचारावे तसे विचारले, "थांका तंबू लागेगा तो हमारी बहू-बेटी कां जावेगी?" लेकीसुनांनी जावे कोठे?

लोटे. त्या बायांच्या हातांतले लोटे मला तेव्हा आठवले, आणि त्यांच्यावर रोखलेले गाडीचे दिवे.

तिचे नाव धापूबाई. इतक्यात श्रीपादरावांची हाक आली, "यशोधरा, जरा फितीचं हे टोक धर." मी जाऊन धरले. फीत त्या सपाट दगडांवरून गेली. त्यांनी विचारले, "किती?" मी आकडा सांगितला आणि लिहिला.

२ डिसेंबर, बुधवार

शालिनीबाईंना एकटे गाठून सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटले, "मग आपण बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? कुठल्या शब्दांत? तू बोललीस तर प्राचार्य तेवढंच निमित्त करतील आणि शिबिर संपलं. ह्यानंतर किती वर्षं कोणी नाव काढणार नाही. त्या बायका दहा दिवस जातील कुठंतरी. त्या कुठंतरी जातातच."

"आणि आपल्या चाळीस मुली कुठे जाणार होत्या?"

ह्यावर त्यांनी हातातल्या विणकामाचे टाके पहिल्यापासून मोजायला घेतले.

हे टिपणात वाचू का, असे घरी आईला विचारले. आईचे उत्तर, "पुरुषांपुढे असलं वाचणार? तुझे वडील कचेरीबरोबर हिवाळ्यापुरते ग्वाल्हेरला गेलेत म्हणून शेफारलीस का? इतके दिवस शिकवलं ते ह्यासाठी?"

आमच्याही घरामागे एक बोळ आहे. रोज सकाळी तेथून झाडू-टोपली घेऊन एक बाई जाते. ती आली की आई मागचे दार लोटून घेते. ती कशी दिसते हे मला ठाऊक नाही. आंबाखेडीच्या लोकांना मी घाणेरडे म्हटले. आज मला घरातल्या दारांचीच किळस येत आहे.

५ डिसेंबर, शनिवार

मी वाचले.

टिपण पूर्वीचेच होते. शेवटचा परिच्छेद मी बदलला. अन्यत्र मी ह्या गोष्टीस नेहमी 'तिकडे' म्हणते. तेथे मी 'शौच' हा शब्द लिहिला, पाच वेळा लिहिला, कारण वाक्ये पाच होती. प्राचार्यांच्या खोलीत वाचताना पहिल्या वेळी आवाज फुटेना. त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं." मग मोठ्याने वाचले. निवडलेली जागा ही गावातील स्त्रियांची शौचाची एकमेव आडोशाची जागा असून तेथे शिबिर भरवू नये, आणि समितीने आपल्या मुलींसाठीही अशा जागेचा कोठेच विचार केलेला नाही, असा त्याचा भावार्थ.

श्रीपादरावांचे कान लाल झाले. "हा विषय टिपणात नको होता. हा स्थानिक व्यवस्थेचा भाग."

"कोणती व्यवस्था?" प्राचार्यांनी विचारले.

त्यांनी प्रतापरावांकडे पाहिले. प्रतापरावांनी आपली चार बोटे पाहिली. "साहेब, सच सांगतो. सरकारांबरोबर आम्ही कुठंही पोचायचो तेव्हा सगळं तयारच असायचं. आणि निघून जायचो तेव्हा पाठीमागे काय, ते कधी पाहिलंच नाही. कोण करायचं, कुठं करायचं, खुदा जाने. विचारायचं सुचलंच नाही."

"अस्सं. पंधरा दिवसांत पाणी पाहिलंत, देखावे पाहिलेत. आणि चाळीस मुलींनी काय करायचं होतं?"

तेव्हा शालिनीबाई विणकाम मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पाणी प्यायचं नव्हतं, साहेब. दहा दिवस. तशीच आमची योजना होती."

त्या विनोद करत होत्या असे मला वाटले नाही.

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे जागा नाही. मग विषय मिटला."

मी उभीच होते. बसावे हे सुचले नव्हते म्हणून बोलले. आंबाखेडीच्याच शाळेमागे मुरमाचे उघडे माळरान आहे. झाड एकही नाही, देखावा नाही, वारा फार. पण ते कोणाच्याही उपयोगाचे नाही. तेथे तंबू लावावेत, दूरच्या टोकाला खड्डे घ्यावेत आणि गोणपाटांचा आडोसा करावा.

"आणि खड्डे कोण खणणार? गाव?"

"आम्ही," मी म्हटले.

प्राचार्य चक्क हसले. "ठीक. दहा नाही, चार दिवस. जी मुलगी स्वतः कुदळ धरेल तीच येईल, हे सूचनाफलकावर लिहा. ही शौचाची कलमंसुद्धा लिहा, तुमच्याच शब्दांत. पाहू किती नावं येतात."

एकही येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. मलाही तसेच वाटते. दहा दिवसांचे शिबिर मी माझ्या हाताने मारले.

११ डिसेंबर, शुक्रवार

सूचनाफलकाशी उभे राहून मुले तो कागद मोठ्याने वाचतात. वाचनालयात जाण्याची सोय उरली नाही. मागून कोणीतरी इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, खड्डेवाल्या बाई आल्या." माझे अक्षर वळणदार आहे, त्यामुळे लांबूनही नीट वाचता येते.

नावे अकरा आली. सातवे सरलेचे. ती म्हणाली, "घरी सांगितलं, आरोग्यशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे. झूठ थोडीच आहे?"

२७ डिसेंबर, रविवार, आंबाखेडी

उद्या निघावयाचे.

माळ जितका कुरूप वाटला होता त्याहून कुरूप आहे. रात्री वाऱ्याने तंबूचे दोर तुटतात आणि मुरूम दातांत येतो. कनातीच्या फटीतून उजाडताना पाहिले. समोर शाळेची मागची भिंत दिसली. हातांना फोड आले आहेत. पहिल्या दिवशी खड्डा कमरेएवढा होईपर्यंत दुपार झाली, आणि सरला आतूनच ओरडत होती, "खोल होतोय का विहीर होतेय, कोणी बघणार का?" गावातले पुरुष शाळेच्या कट्ट्यावर बसून पाहत होते. श्रीपादराव आले नाहीत. शालिनीबाई आल्या. त्या काल उन्हात उभ्या राहून तांब्याभर पाणी घटाघट प्याल्या आणि त्यांनी आम्हां सर्वांकडे रोखून पाहिले.

प्रतापराव घरगाडी माळावर घेऊन आले आहेत. त्यांनी कांदेबटाटे काढून स्वयंपाकाला दिले आणि ते अरुंद दार आम्हां मुलींसाठी उघडे ठेवले. ते खजील दिसत होते. परंतु ते भांडे मग रिकामे कोणी करावे, हे ह्याही खेपेस त्यांच्या ध्यानात आले नाही. मी दार लावून घेतले. बटाटे मात्र आज खाल्ले.

किळस गेलेली नाही, जाईल असेही वाटत नाही. गोणपाटामागचा वास तोच आहे. माती टाकली तरी माशा येतात. पहिल्या दिवशी मी पदर नाकाशी धरून गेले, आज चौथ्या दिवशीही तशीच गेले.

दिवेलागणीस धापूबाई चार बायांना घेऊन आली. खड्डे बुजवू नका, गोणपाट काढू नका, असे तिने सांगितले. राई लांब पडते. पावसाळ्यात पोटुशींना इकडचे बरे. तिच्या मागे ती अवघडलेली बाई होती, त्या संध्याकाळी दिव्यांसमोर पाठ फिरवणारी. ती माझ्याशी बोलली नाही. गोणपाट ओढून त्याची शिवण तेवढी तपासून पाहत होती. एके ठिकाणी तिने मान हलवली, तेथे फट होती. सरलेने दाभण आणून ती तिच्यासमोरच शिवली.

ताकाचे दोन पेले मी आज विचार न करता प्याले होते. अंधार पडताना जावे लागले. मी आत असताना बाहेर पावले वाजली आणि थांबली. कोणी खाकरले. कोण, ते कळले नाही.

मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने खाकरले. पावले मागे सरली आणि वाट पाहत उभी राहिली.